आयरिश आणि स्कॉच : चाखणं, ताडून पाहणं आणि नमुन्यांची अदलाबदल (नव्याने येणाऱ्यांसाठी)

ग्लासगो, एडिंबरा, लंडन, डब्लिन किंवा बेलफास्टला कामासाठी आलेली आपली मराठी मंडळी व्हिस्कीकडे बहुतेक वेळा विमानतळावरच्या दुकानातून येतात. महागातली एक बाटली घेतली जाते, ती दिवाळीपर्यंत कपाटात बसते आणि शेवटी सोड्यात बुडते. पण कधीतरी ओळखीच्या कुणाच्या घरी टेबलावर चिठ्ठ्या लावलेल्या बोटभर बाटल्यांची रांग दिसते. कुणी सांगतं, ‘ही माझी, ती लीड्सच्या दादांनी पाठवली, ही कॉर्कच्या ताईंची.’ आपण दचकतो, कारण बोललेलं निम्मं कळत नाही. हा लेख अशा वेळी गोंधळून गेलेल्यांसाठी आहे.

नमुन्यांच्या अदलाबदलीमागचं गणित सोपं आहे. बरी सिंगल माल्ट (एकाच कारखान्यातली, निव्वळ मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) घ्यायची तर ७० सेंटिलिटरला चाळीस-पन्नास पौंड सहज जातात. आवडली नाही तर ती वर्षभर डोळ्यांसमोर उभी राहते. तेच पैसे आणि तीच एक बाटली ५-५ सेंटिलिटरमध्ये वाटली, तर बदल्यात दहा-बारा वेगळ्या व्हिस्की घरी येतात. माझा आग्रह एवढाच आहे की बाटल्या जमवायच्या नादाला लागण्याआधी जोड्या लावून चाखा. एकेकटी व्हिस्की चाखून तोंडाला काही शिकवण मिळत नाही.

(ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे दारू विकत घ्यायचं वय १८ आहे. त्याखालच्यांनी इथेच थांबावं.)

१. आधी लेबल वाचायला शिका

कायद्याने पाहिलं तर स्कॉच आणि आयरिश व्हिस्की या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. स्कॉच स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच किमान ३ वर्षं मुरलेली हवी, पिंप ओकचं आणि ७०० लिटरपेक्षा मोठं नको, आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवं. आयरिशलाही ३ वर्षं, ४० टक्के आणि ७०० लिटर हेच नियम आहेत. फरक असा की ती आयर्लंड बेटावर कुठेही, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्येसुद्धा चालते, आणि पिंप लाकडाचं असलं की पुरे, ओकचंच हवं असं नाही. त्यामुळे चेस्टनट किंवा चेरीच्या लाकडात मुरलेली व्हिस्की आयरिश म्हणून विकता येते, स्कॉच म्हणून येत नाही.

२००९च्या नियमावलीनुसार स्कॉचचे पाच प्रकार आहेत: सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड माल्ट, ब्लेंडेड ग्रेन आणि ब्लेंडेड. (‘ग्रेन’ म्हणजे दुसऱ्या धान्यांचीही, ‘ब्लेंडेड’ म्हणजे मिसळलेली.) आयरिशचे चार: माल्ट, ग्रेन, ब्लेंडेड आणि पॉट स्टिल. नवख्याने या चौथ्या प्रकारापाशी थांबावं, कारण तसा प्रकार स्कॉचमध्ये नाही. मोड आणलेली बार्ली म्हणजे माल्ट. पॉट स्टिलमध्ये माल्ट आणि मोड न आणलेली कच्ची बार्ली एकत्र दळतात, प्रत्येकी किमान ३० टक्के, आणि ओट किंवा राय यांसारखं दुसरं धान्य ५ टक्क्यांपर्यंत चालतं. ही पद्धत रुजली ती बरीचशी करामुळे. १७८५मध्ये माल्टवर कर बसला आणि आयरिश गाळणाऱ्यांनी कर वाचवायला कच्ची बार्ली घालायला सुरुवात केली. त्या काटकसरीतून जिभेवर तेलकट, दाट लागणारी आणि मागून सुंठीसारखी झणझणणारी व्हिस्की निघाली. रेडब्रेस्ट, ग्रीन स्पॉट, पॉवर्स जॉन्स लेन ही नावं इथली, आणि तिन्ही कॉर्क परगण्यातल्या मिडलटनच्या एकाच कारखान्यात तयार होतात.

आता लेबलावरचे सापळे.

*‘तीनदा गाळली की आयरिश, दोनदा गाळली की स्कॉच.’* असं कुणी ठासून सांगितलं तर मान डोलवा आणि विसरून जा. ग्लासगोजवळची ऑखेंटॉशन तीनदा गाळतात आणि ती स्कॉच आहे. कॉनेमारा दोनदा गाळतात, वर धुरकट आहे, आणि ती आयरिश.

*वय.* ‘१२ वर्षं’ याचा अर्थ बाटलीतला सगळ्यात कोवळा थेंब १२ वर्षांचा. वय छापलेलं नसलं म्हणजे व्हिस्की वाईट असं नाही. मात्र ‘रेअर’, ‘रिझर्व्ह’, ‘स्मॉल बॅच’ या शब्दांना कायद्यात काही वजन नाही.

*रंग.* दोन्हीकडे रंगासाठी साधं कॅरॅमल घालायची मुभा आहे. गडद रंग बघून ‘जुनी असणार’ असा अंदाज बांधू नका. ‘नॅचरल कलर’ लिहिलं असेल तरच रंगावरून पिंपाबद्दल बोलावं.

*एकाच घरच्या अनेक बाटल्या.* आयरिशमध्ये हा सापळा सगळ्यात मोठा. १९८७मध्ये कूली हा आयरिश कारखाना सुरू झाला तेव्हा सबंध बेटावर मिडलटन आणि बुशमिल्स एवढेच दोन कारखाने चालू होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नव्या कारखान्यांची रीघ लागली, पण स्वतःची दारू मुरेपर्यंत दुसऱ्याची विकत घेऊन आपल्या नावाने विकणारे पुष्कळ. तुम्ही दोन वेगळी लेबलं समोर ठेवून बारीक फरक शोधत बसाल आणि दोन्ही एकाच भट्टीतून आलेल्या असतील. म्हणून मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. गाळली कुणी आणि बाटलीत भरली कुणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्कॉचमध्ये असाच व्यवहार उघडपणे चालतो. एल्गिनची गॉर्डन अँड मॅकफेल किंवा कॅडनहेड्स या कंपन्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची पिंपं घेऊन, बहुधा मूळ कारखान्याचं नाव छापूनच, बाटल्या भरत आल्या आहेत. एडिंबराच्या लीथ भागातली स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी मात्र कारखान्याचं नाव न छापता आकडा देते. पहिला आकडा कारखान्याचा, टिंबानंतरचा पिंपाचा. १ म्हणजे ग्लेनफार्कलस, ३३ म्हणजे आर्डबेग. नमुन्यावर नुसता ‘३३’ आणि पुढे टिंब दिसलं तर गोंधळू नका.

२. जमवायचं साहित्य

- ट्यूलिपच्या आकाराचे, तोंडाशी निमुळते होणारे ग्लास, एकसारखे किमान दोन. ग्लेनकेर्न सगळीकडे मिळतो. बुटका पसरट ग्लास बर्फासाठी चांगला, वासासाठी निरुपयोगी.
- ३, ५ आणि १० सेंटिलिटरच्या काचेच्या बाटल्या. झाकणाच्या आत शंकूसारखं प्लास्टिक असलेल्याच घ्या, पुठ्ठ्याच्या चकतीचं झाकण गळतं.
- छोटं नरसाळं, शक्यतो दोन. एक धुरकट व्हिस्कीसाठी कायमचं बाजूला ठेवा. पीटचा (माल्ट सुकवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीचा) वास प्लास्टिकला धरतो आणि पुढच्या नाजूक नमुन्यात उतरतो.
- औषधाच्या दुकानातली १० मिलीची सुई नसलेली सिरिंज आणि ड्रॉपर.
- चिकटपट्टीचे कागद, न पुसणारं पेन, प्रयोगशाळेत वापरतात ती ताणणारी पॅराफिल्म पट्टी.
- साधं पाणी, शक्यतो कमी क्षारांचं.
- वही.
- वयाचा पुरावा. पार्सल हातात देताना मागू शकतात.

३. चाखायची रीत

१५ मिली ओता. पेग भरायचा नाही. जेवणानंतर लगेच नको, आणि चखणा टेबलावर आणूच नका. चकली-शेवेच्या तिखटमिठापुढे बुशमिल्ससारखी मवाळ व्हिस्की नुसतं पाणी वाटते. खोलीत उदबत्ती, फोडणी, अत्तर यातलं काहीही नको.

ग्लासात नाक खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून हनुवटीपासून ग्लास हळूहळू वर आणा आणि जिथे वास येतो पण झोंबत नाही तिथे थांबा. पहिला घोट जिभेची सवय मोडण्यापुरता असतो, त्यावरून मत देऊ नका. दुसरा घोट तोंडात सगळीकडे फिरवा. गिळल्यावर काय उरतं आणि किती वेळ उरतं ते पाहा.

मग पाणी. ‘पाणी घातलं की खराब होते’ असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७मध्ये संगणकावर पाहिलं की पाणी वाढलं की धुराच्या वासाचा ग्वायकॉल हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी येतो. पृष्ठभागाशी आला म्हणजे नाकाच्या जवळ आला. ड्रॉपरने थेंब थेंब घाला. पिंपातून थेट भरलेली ६० टक्क्यांची व्हिस्की असेल तर २० मिलीत ६ मिली पाणी घातल्यावर ती साधारण ४६वर येते. तिथे एकदा थांबून चाखा. पाणी घातल्यावर ग्लास धूसर झाला तर घाबरू नका. बाटलीत भरण्याआधी थंड करून फिल्टर केलेली नसल्याची ती खूण आहे.

वास लिहिताना पुस्तकी शब्द वापरू नका. हेदर, मार्झिपॅन, ख्रिसमस केक हे वास ज्याने लहानपणी घेतले नाहीत त्याने ते लिहून उपयोग काय? शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपातली व्हिस्की मला खारीक, काकवी आणि जुन्या लाकडी पेटीची आठवण देते. बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपातली ताज्या नारळाच्या वडीकडे जाते. पॉट स्टिलमध्ये कच्च्या रव्याचा आणि जवसाच्या तेलाचा वास असतो. लॅफ्रॉइग ही धुरकट स्कॉच म्हटली की आयोडीन लावलेली पट्टी. वहीत तुमचे शब्द तुम्हाला कळले की झालं. दुसऱ्याला सांगताना थोडं समजावून सांगावं लागेल, तेवढं चालतं.

एका बैठकीत चार नमुने पुरे. ४६ टक्क्यांचे १५ मिलीचे चार घोट म्हणजे जवळपास पावणेतीन युनिट (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल). ब्रिटनमध्ये आठवड्याला १४ युनिटच्या आत राहा असा सरकारी सल्ला आहे. गाडी घरी ठेवा. स्कॉटलंडमध्ये २०१४पासून गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, इंग्लंडमध्ये ८०. लंडनहून पाहुणे आलेले असतील तर त्यांना हे आधीच सांगा.

४. जोड्या लावा

खरी मजा इथे आहे. नियम एकच: दोन ग्लासांत एकच गोष्ट वेगळी असावी, बाकी होता होईल तेवढं सारखं. मी नव्या माणसाला या क्रमाने चाखायला देतो.

*ऑखेंटॉशन १२ आणि बुशमिल्स १०.* दोन्ही माल्ट, दोन्ही तीनदा गाळलेल्या, दोन्ही ४० टक्के. एक स्कॉच, एक आयरिश. डोळे मिटून चाखल्यावर कोणती कुठली हे बहुतेकांना सांगता येत नाही. देशाच्या नावावरून चव ठरवायची सवय इथेच सुटते.

*बुशमिल्स १० आणि रेडब्रेस्ट १२.* दोन्ही आयरिश, दोन्ही ४० टक्के, दोन्ही बर्बन आणि शेरीच्या पिंपांतल्या. फरक मुख्यतः धान्याचा: एक निव्वळ माल्ट, दुसरी पॉट स्टिल. कच्च्या बार्लीने काय होतं ते याहून स्वच्छ कळणार नाही.

*कॉनेमारा आणि कूल ईला १२.* दोन्ही दोनदा गाळलेल्या आणि पीटच्या धुरावर सुकवलेल्या माल्टच्या. कूल ईला स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, तिचा धूर समुद्राकडे झुकतो. कॉनेमाराचा गोडसर, विझलेल्या चुलीसारखा. कूल ईला ४३ टक्के आहे, तेव्हा तिच्यात पाण्याचा एखादा थेंब टाकून मगच तुलना करा.

*स्प्रिंगबँक १०, लाँगरो, हेझलबर्न १०.* ही जोडी नाही, तिकडी आहे, आणि माझ्या मते नमुन्यांच्या अदलाबदलीचं सगळ्यात मोठं फळ. स्कॉटलंडमधल्या कॅम्बलटाउनच्या एकाच कारखान्यातल्या, तिन्ही ४६ टक्क्यांच्या. हेझलबर्न तीनदा गाळलेली आणि बिनधुराची. लाँगरो दोनदा आणि भरपूर धुराची. स्प्रिंगबँक ‘अडीच वेळा’, कारण तिथे द्रवाचा काही भाग दोनदा आणि काही तीनदा फिरतो. पाणी तेच, गोदामं तीच, तरी तीन वेगळे स्वभाव. या बाटल्या दुकानात टिकत नाहीत, तिन्ही एकदम मिळणं तर दुरापास्तच. ५-५ सेंटिलिटर मिळाले तर सोडू नका.

जोड्या जमायला लागल्या की अंधारी परीक्षा घ्या. तीन ग्लास, दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा हवा. वेगळा ग्लास ओळखता आला तरच पुढे चवीवर वाद घाला. महागडी बाटली उघडी ठेवून चाखलेली आणि झाकून चाखलेली यातलं अंतर पाहून भले भले गप्प होतात.

५. नमुना भरणं

बाटल्या कडक पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. साबणाचा अंश राहिला तर नमुना वाया. मूळ बाटली हलकेच उलटसुलट करा, मग भरा. मानेपर्यंत भरा, कारण आतली हवा व्हिस्कीला मंदावत नेते. सिरिंज नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो: ४६ टक्क्यांची ५० मिली व्हिस्की सुमारे ४७ ग्रॅम भरते. पाण्याच्या हिशेबाने ५० ग्रॅम भराल तर प्रत्येक बाटलीत थोडी जास्तच जाईल.

झाकण घट्ट, वर पॅराफिल्म, आणि बाटली उभीच ठेवायची. उन्हापासून दूर.

आता चिठ्ठी. नमुन्याची किंमत चिठ्ठीवर ठरते, म्हणून हे सगळं लिहा:

- कारखाना, आणि बाटलीत भरणारा वेगळा असेल तर त्याचंही नाव
- वय किंवा गाळल्याचं साल
- अल्कोहोलचे टक्के
- पिंपाचा प्रकार, असेल तर बॅच क्रमांक
- मूळ बाटली कधी उघडली, आणि नमुना काढताना ती किती भरलेली होती

शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात. तळाशी चार बोटं उरलेल्या, वर्षभर उघड्या बाटलीतला नमुना दिलात आणि सांगितलं नाहीत, तर समोरचा त्या व्हिस्कीबद्दल कायमचं चुकीचं मत करून घेतो. टक्केही विसरू नका. भारतात विकली जाणारी पुष्कळशी स्कॉच ४२.८ टक्क्यांची असते, तीच इथे ४०ची. पुण्याहून आलेली आणि इथली बाटली एकाच नावाची असूनही सारखी लागेल असं नाही.

६. अदलाबदलीचे अलिखित नियम

नव्या माणसाने आधी स्वतःची यादी द्यावी, मग मागावं. ‘तुमच्याकडे काय आहे?’ असा पहिलाच निरोप टाकणाऱ्याला सहसा उत्तर येत नाही.

हिशेब मिलीला मिली करा किंवा पैशाला पैसा, पण आधी ठरवा. ५६ पौंडांची बाटली म्हणजे सेंटिलिटरमागे ८० पेन्स, ११२ पौंडांची म्हणजे १ पौंड ६० पेन्स. काटेकोर हिशेबात पहिलीच्या ५ सेंटिलिटरला दुसरीचे अडीच. ओळख जुनी झाली की हा हिशेब आपोआप सुटतो. सुरुवातीला मात्र संकोच न करता बोला.

पैसे घेऊन नमुने विकू नका. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये दारू विकायला परवाना लागतो, आणि ‘पोस्टेजपुरतेच घेतो’ म्हणत सुरू झालेला व्यवहार कधी दुकान होतो ते कळत नाही. नमुना मिळाल्यावर तो पुढे तिसऱ्याला देताना मूळ मालकाला विचारा.

महागड्या बाटल्या रिकाम्या झाल्या की लेबल फाडून मगच टाका. रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यात भलतंच भरणारे लोक आहेत.

७. टपाल आणि प्रवास

ब्रिटनच्या आत पाठवायचं तर ७० टक्क्यांपेक्षा तीव्र दारू रॉयल मेल घेत नाही. त्याखालची घेतात, पण गळती शोषणारं वेष्टन आणि ठरावीक लेबल लागतं. पाठवण्याच्या दिवशी त्यांचे नियम वाचा, ते बदलत असतात. प्रत्येक बाटली वेगळ्या पिशवीत, भोवती कागद, आणि डबा हलवल्यावर आवाज आला नाही पाहिजे.

ब्रिटन आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामध्ये टपालाच्या नादी लागू नका. २०२१पासून मध्ये कस्टम आणि अबकारी शुल्क आहे. कुणी जाणारं-येणारं असेल तर हातोहात न्या. ग्रेट ब्रिटनमधून आयर्लंडला जाताना १ लिटर, तिकडून ग्रेट ब्रिटनला परतताना ४ लिटर एवढी तीव्र दारू शुल्काशिवाय चालते.

भारतात न्यायचे असतील तर वेगळी अडचण आहे. विमानात २४ ते ७० टक्क्यांची दारू माणशी ५ लिटरपर्यंत चालते, पण दुकानातल्या मूळ वेष्टनात. घरी भरलेल्या बाटल्या त्यात बसत नाहीत. म्हणून सुट्टीला जाताना कंपन्यांच्या सीलबंद ५ सेंटिलिटरच्या छोट्या बाटल्या घ्या, त्यांतून चांगल्या जोड्या लागतात. भारतात उतरताना शुल्कमुक्त मर्यादा २ लिटर. महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वयाची अट २५ आहे, हे पुण्या-मुंबईत मैफल जमवताना लक्षात असू द्या. परतताना गोव्याची पॉल जॉन किंवा बंगळूरची अमृत आणलीत तर इथली मंडळी त्यासाठी स्प्रिंगबँकसुद्धा काढून देतात. अमृतची सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आली तीही २००४मध्ये ग्लासगोतच.

८. नोंदी आणि उरलेलं

वहीत तारीख, टक्के, पाणी किती घातलं आणि कोणत्या व्हिस्कीच्या जोडीने चाखली एवढं लिहाच. गुण द्यायचे तर शंभरात देऊ नका. ‘पूर्ण बाटली घेईन, कुणी दिली तर पिईन, नको’ या तीन रकान्यांत सगळं बसतं.

आलेले नमुने सहा-आठ महिन्यांत संपवा. न आवडलेले मोरीत ओतू नका. एका रिकाम्या बाटलीत ते एकत्र करत गेलात तर घरचं एक मिश्रण तयार होतं, कधी कधी बरंही निघतं. त्यात लॅफ्रॉइग किंवा आर्डबेग टाकताना हात आखडता घ्या, दोन चमच्यांत अख्खी बाटली धुरकट होते. आणि हे मिश्रण अदलाबदलीच्या यादीत टाकू नका.